नदीवर बसायचा हक्क

शिमगा सरतो आणि शहापूर-मुरबाडच्या गावांना थोडी उसंत मिळते. भाताची झोडणी कधीच आटोपलेली असते. खाचरातल्या ओलीवर घेतलेला वाल घरात आलेला असतो. राब भाजायची घाई अजून सुरू झालेली नसते, लगीनसराई तोंडावर असते आणि पहाटेच्या वेळी मोहाखाली फुलांचा सडा पडू लागतो. याच दिवसांत गाव नदीवर उतरते. घरटी तांदूळ नि वर्गणी गोळा होते, टोप, परात, मसाला, सरपण असे सगळे टेम्पोतून पात्रात जाते. दगडांच्या चुली मांडल्या जातात. पाग घेऊन काही जण डोहात शिरतात, पोरे दिवसभर पाण्यात असतात, बाया भाकऱ्या थापतात. कुठे मासे, कुठे कोंबडी, कुठे वालाचे बिरडे. नदीला नारळ दिला जातो आणि उन्हे कलेपर्यंत गाव तिथेच सावलीत बसून असते. उन्हाळ्याचे स्वागत होते ते असे.

आता प्रश्न असा, की या मुलखात उन्हाळ्याचे स्वागत करावे असे त्याच्यात आहे काय? सह्याद्रीच्या पायथ्याला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. खाली काळा कातळ. बेसॉल्टच्या पोटात पाणी फारसे मुरत नाही, उतार तीव्र, त्यामुळे घाटमाथ्यावरून आलेले पाणी थेट खाडीची वाट धरते. होळीनंतर विहिरी तळ दाखवू लागतात. एप्रिल-मे म्हणजे हंड्यांच्या रांगा, टँकरची वाट आणि पात्रात खणलेल्या डवऱ्यांतून वाटी-वाटीने उपसलेले पाणी. अशा ऋतूला हसतमुखाने सामोरे जायला लोक एकत्र येतात, याचे कारण केवळ हौस नाही, असे मला ठामपणे वाटते.

गाव त्या दिवशी नदी बघायला जाते. पाणी वाहायचे थांबले की नदी डोहांत उरते. कोणत्या डोहात यंदा किती पाणी आहे, कोणता गाळाने भरला, कुठला मेपर्यंत टिकेल, गुरे कुठे न्यायची, धुणी कुठे, डवरा कुठे खणायचा, हे सगळे पाण्यात उभे राहूनच कळते. तासाभराच्या पोहण्यात आणि मासेमारीत डोहाची खोली मापून होते. मळे, खवली, झिंगे किती मिळाले यावरून पाण्याची तब्येत समजते. जेवताना त्याचीच बोलणी होतात. कोणी इतिवृत्त लिहीत नाही, ठराव मांडत नाही. पण पुढच्या दोन-अडीच महिन्यांच्या टंचाईची वाटणी बरीचशी तिथे ठरते. तंट्याचे मूळ असलेल्या गोष्टीविषयी पोट भरलेले असताना आणि सगळ्यांच्या देखत बोलावे, हा त्यातला फार मोठा शहाणपणा आहे.

शिवाय शिमग्याला माणसे गावात असतात, एरवी ती नसतात. या तालुक्यांतली शेकडो आदिवासी कुटुंबे, त्यांत कातकरी विशेष, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात भट्टीवाल्याची उचल फिटत नाही तोवर पाय निघत नाही. होळीला मात्र शक्य असेल तो प्रत्येक जण घरी येतो. कसारा लोकलने रोज मुंबईला ये-जा करणारे आणि कल्याण-डोंबिवलीत बिऱ्हाड केलेलेही येतात. म्हणजे वर्षातून मोजके दिवस असे असतात, की गाव पूर्ण भरलेले असते. नदीवरच्या बैठकीला त्यामुळे जे वजन येते, ते अर्ध्या रिकाम्या गावातल्या सभेला येत नाही.

आता याच पाण्याचा दुसरा हिशेब पाहा. तो दशलक्ष लिटरमध्ये मांडला जातो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे आणि त्यातले सुमारे ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचे. म्हणजे जवळजवळ निम्मे पाणी शहापूर तालुक्यातल्या एका धरणातून येते. तानसाही याच तालुक्यात; त्याचे पाणी मुंबईने १८९२ सालापासून प्यायला सुरुवात केली. मुरबाडच्या अंगाला औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण, ज्याच्यावर ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी शहरांची आणि कारखान्यांची तहान भागते. पावसाळ्यात तलावांच्या पातळीचे आकडे रोज वर्तमानपत्रांत छापून येतात, शहरातला माणूस ते वाचून निर्धास्त होतो. त्या आकड्यांमागे कोणता मुलूख आहे, हे त्याच्या मनातही येत नाही. यात त्याचा दोष मी काढत नाही. शहराची तहान खरी आहे आणि त्या शहरात राबणाऱ्यांत आमच्याच तालुक्यांतली माणसे आहेत. पिण्याच्या पाण्यावरून शहराशी भांडण लावण्यासाठी हा लेख नाही.

भातसा नदीचे मात्र नीट बघायला हवे. धरणातून सोडलेले मुंबईचे पाणी बंद नळातून जात नाही; ते नदीच्या पात्रातूनच खाली वाहत पिसे येथल्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथून उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होऊन शहराकडे निघते. त्यामुळे धरणाच्या खालच्या भातसेला भर वैशाखात पाणी असते. खडवलीला सुट्टीच्या दिवशी शहरातून लोकांचे लोंढे नदीवर येतात ते याच पाण्यासाठी. काठावरच्या गावांना ते दिसते, त्यात हातपाय बुडवता येतात. पण पाण्याची मोजदाद धरणाच्या दारापाशी आणि बंधाऱ्यापाशी होते. मधल्या काठाचे, त्यावर जगणाऱ्या गावांचे त्या मोजदादीत काहीच नाही. आणि धरणाच्या वरच्या अंगाला, कसाऱ्याच्या बाजूच्या पाड्यांवर, त्याच वेळी टँकर येत असतो.

काळूची गोष्ट याहून कठीण आहे. माळशेजच्या डोंगरांतून उतरणारी ही मुरबाडची नदी. तिच्यावर मुंबई महानगराच्या पाण्यासाठी मोठे धरण बांधायचे ठरले. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार होती. वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झाले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. धरणाचा विषय त्यानंतर पुन्हा पुन्हा वर येत राहिला आहे. धरण व्हावे की नाही यावर माझे मत आहे आणि ते विरोधाचे आहे. पण इथे मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. धरणात काय बुडेल याची यादी होते तेव्हा तीत घरे येतात, सातबाऱ्यावरची जमीन येते, झाडे, विहिरी, देऊळ येते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही यादी वाढवली. सामाजिक परिणामांच्या अभ्यासात गुरांचे पाणी, गावतळी, गायराने, स्मशाने यांचाही विचार करायला सांगितला. हे चांगले झाले. तरी ज्या डोहावर गाव वर्षातून एकदा पूर्ण जमते, त्या डोहाला यादीत रकाना नाही. तो कोणाच्या नावावर नाही, त्याच्यावर बांधकाम नाही, तिथे मूर्ती नाही. म्हणून त्याची भरपाईही नाही आणि दखलही नाही.

या नोंद नसण्याचा फायदा धरणांइतकाच इतरांनाही होतो. गेल्या काही वर्षांत काठाच्या जमिनी शहरातल्या लोकांनी घेतल्या. फार्महाउसची कुंपणे पाण्यापर्यंत आली. नदीचे पात्र सरकारचे असते, ते कोणी विकत घेऊ शकत नाही हे खरे. पण पात्रापर्यंत जायची पायवाट कुंपणाच्या आत गेली की पात्र कोणाचे हा प्रश्न उरतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने गुरे पाण्यावर गेली, तिथे फाटक येते आणि फाटकावर माणूस बसतो. तक्रार करायला गेलेल्याला विचारले जाते, वाट नकाशावर आहे का?

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की नदीवरचे हे जेवण आता पूर्वीचे राहिलेले नाही. दारू, डीजे, थर्माकोलची ताटे, फुटलेल्या बाटल्या. जाळ्याने मासे धरायला वेळ लागतो म्हणून कुठे कुठे पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली जाते, कुठे जिलेटिन फोडले जाते आणि एका दुपारच्या जेवणासाठी डोहातली पिल्लेसुद्धा मरतात. हे खरे आहे आणि ते लाजिरवाणे आहे. ज्या गावाला डोहावर हक्क सांगायचा आहे त्याने आधी हे बंद केले पाहिजे. कारण विष टाकलेल्या पाण्यावर मे महिन्यात गुरे आणि माणसे दोन्ही येतात. पण यातून हक्क नाहीसा होतो असे मात्र नाही. ज्याची राखण आपल्या हातून कायमची जाणार असे लोकांना वाटू लागते, त्याची नासाडी अधिक बेफिकिरीने होते, हेही आपण जंगलाच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. गाव म्हणजे कोण? कोकणातल्या पाण्याचा इतिहास जातीच्या पायऱ्यांनी बांधलेला आहे. याच उन्हाळ्याच्या तोंडावर, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तळे नगरपालिकेने कागदोपत्री सर्वांना खुले केलेले होते. पाण्याशी जाण्याचा अधिकार मात्र लोकांना चालत जाऊन घ्यावा लागला. नदीवरच्या बैठकीत कुणबी वरच्या अंगाला, ठाकर त्याच्या पलीकडे, कातकरी डोह सोडून खाली आणि बौद्धवाडीला निमंत्रणच नाही, असे जर होत असेल, तर ती गावाची बैठक नव्हे. आणि गंमत नव्हे तर दुःखाची गोष्ट अशी, की डोहाची सर्वांत बारीक जाण ज्या कातकऱ्याला असते, मासा कुठल्या कपारीत जातो नि पाणी कुठून झिरपते हे ज्याला ठाऊक असते, त्याच्याकडून मासे घेतले जातात आणि त्याला पंगतीत जागा दिली जात नाही. ही बैठक टिकावी असे मला वाटते, ते ती बदलावी या अटीवर. हक्क मागायचा तो सगळ्या वाड्या-पाड्यांचा मिळून मागावा लागेल, तरच तो कायद्यापुढे आणि मनापुढेही उभा राहील.

नदीशी असलेले लोकांचे नाते कायद्यात लिहिता येत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी न्यूझीलंडचे उदाहरण आहे. तिथल्या माओरी लोकांनी व्हांगानुई नदीसाठी शतकाहून अधिक काळ झगडा केला आणि २०१७ मध्ये संसदेने कायदा करून त्या नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. आपल्याकडे इतके लांब जायचीही गरज नाही. विदर्भात गावाच्या सरपणाच्या, चराईच्या निस्तार हक्कांची नोंद ठेवण्याची रीत इंग्रजांच्या काळापासून आहे. ठाण्याच्या बाजूला तशी रीत रुजली नाही, म्हणून आमच्या गावांचे हक्क वहिवाटीत राहिले आणि कागदावर आले नाहीत.

कागद मात्र आता उपलब्ध आहे. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो आणि मुरबाडमधली ७७ गावे येतात. अशा क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे त्याचे नियम २०१४ चे. त्यांनी लहान जलसाठ्यांच्या कारभारात ग्रामसभेला जागा दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची जी यादी आहे, तीत पाण्यातले मासे, चराई आणि भटक्या-पशुपालक समाजांचा ऋतुमानानुसार होणारा पारंपरिक वापर हे स्पष्ट शब्दांत आहेत. काळू, शाई, भातसा आणि त्यांना मिळणारे ओहोळ वरच्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी वनजमिनीतूनच वाहतात. तिथल्या डोहांवर सामूहिक दावा करता येतो. सामूहिक दाव्यांत आजवर बहुतेक लक्ष झाडांवर आणि गौण वनोपजावर राहिले. पात्र आणि डोह मागे पडले.

माझी सूचना साधी आहे. शिमग्यानंतरच्या त्या बैठकीत दोन-तीन शिकलेल्या मुलांनी वही घेऊन बसावे. डोहांची नावे लिहावीत, कारण प्रत्येक डोहाला नाव असते आणि ती नावे म्हाताऱ्यांबरोबर चालली आहेत. कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, कोणता पाडा कशासाठी येतो, कोणती वाट होती आणि आता कुठे अडली, मासे धरायचे कधी आणि कधी नाहीत, हे लिहावे. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. मग १ मेच्या ग्रामसभेपुढे ते ठेवावे. ती ग्रामसभा भर उन्हाळ्यात येते, पाण्याची गोष्ट तेव्हा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. भट्टीवर परत गेलेल्या कुटुंबांचे म्हणणे शिमग्यातच लिहून घेतलेले असेल, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीत त्यांचा डोह सुटणार नाही.

पुरावा कुठून आणायचा, असे तहसील कचेरीत विचारले जाईलच. वनहक्काच्या नियमांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदन हासुद्धा पुरावा धरला जातो. सत्तरी ओलांडलेली जी आजी दरवर्षी डोहाच्या काठी बसून, आपल्या लग्नाच्या साली पाणी कुठल्या दगडापर्यंत होते ते सांगते, तिचे बोलणे तारखेसह लिहून, वाचून दाखवून, तिचा अंगठा घ्यायचा आहे. आणि तिचे नाव दावेदारांच्या यादीत येणार असेल, तर शेजारच्या गावातल्या तिच्या वयाच्या कुणाला तरी त्या दिवशी जेवायला बोलवायचे आहे.