वाळण्यापूर्वींचें वजन

कोंकणांतील एका मंडळींतल्या सात भगिनी मिळून हातानें केलेल्या साबणाचा लहानसा धंदा चालवितात. त्यांनीं आम्हांस पत्र लिहून विचारिलें आहे कीं, कायद्यानें ज्याची मोकळीक दिली आहे तें केल्यानें मापांत पाप होतें किंवा कसें. पत्र प्रथम वाचतांना प्रश्न क्षुल्लक वाटला. उत्तर लिहावयास बसलों तेव्हां मात्र तो तितका सोपा नाहीं असें दिसून आलें. म्हणून तो खेडोपाडींच्या सर्वच वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांनीं साबण होतांना पाहिला नाहीं त्यांच्याकरितां प्रथम थोडी हकीकत सांगितली पाहिजे. एक किलो खोबरेल तेलास सुमारें १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा घेतात. ह्याहून किंचित् अधिक सोडा त्या तेलांत जिरूं शकतो, पण तो मुद्दाम कमी घ्यावयाचा, म्हणजे थोडें तेल मोकळें राहून साबण कातडीस झोंबत नाहीं. हा सोडा ३५० ग्रॅम पाण्यांत विरघळवून, निवल्यावर, तेलांत घालून घोटतात. (सोडा पाण्यांत टाकावा; सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये, तें उसळून अंगावर येतें. ही सूचना विषयाबाहेरची आहे, पण ती दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं.) मिश्रण दाट झालें कीं सांचांत ओतावयाचें, व घट्ट होतांच वड्या पाडावयाच्या. सर्व मिळून माल दीड किलोहून थोडा अधिक भरतो. म्हणजे शंभर शंभर ग्रॅमच्या पंधरा वड्या झाल्या. त्या फळीवर चार ते सहा आठवडे वाळवाव्या लागतात. ह्या अवधींत त्यांतील पाणी उडून जातें, वडी कठीण होते, आणि वजन शेंकडा दहाच्या आसपास उतरतें. शंभराची वडी नव्वदाची होते. कोंकणांत पावसाळ्यांत तर सहा आठवडेहि पुरत नाहींत. दमट हवेंत वडीस घाम फुटतो, व ती पुसतां पुसतां बायका कंटाळून जातात.

आतां कायदा. वेष्टनांतून विकल्या जाणाऱ्या मालाविषयीं २०११ सालीं जे नियम झाले त्यांत, ठेवल्यानें वजन घटणाऱ्या कांहीं वस्तूंची यादी दिली आहे, व तींत सर्व प्रकारचे साबण येतात. अशा वस्तूंवर, 'बांधतेवेळीं' इतकें वजन होतें, असें छापतां येतें. ही मोकळीक न्याय्यच आहे. दुकानाच्या फळीवर वडी वाळली तर त्यांत करणाऱ्याचा काय अपराध? परंतु ह्या भगिनींच्या जवळच्या पेठेंत साबण विकणारा एक गृहस्थ तिसऱ्याच दिवशीं वडी कागदांत गुंडाळतो, आणि तिच्यावर १०० ग्रॅम, बांधतेवेळीं, असें लिहितो. त्याचा शब्द खोटा नाहीं. बांधतेवेळीं ती वडी शंभरच ग्रॅम होती. ह्या भगिनी सहा आठवडे थांबतात आणि ९० लिहितात. दोन्ही वड्या साठ रुपयांसच शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे गिऱ्हाईक शंभराची उचलतें. आपणहि तसेंच कां करूं नये, असा गटांत वाद पडला आहे.

सर्वांत धाकट्या बाईंचें म्हणणें पत्रांत दिलें आहे, तें असें: वडी तीच, तिच्यांत तेल तितकेंच, सोडा तितकाच. तिसऱ्या दिवशीं बांधली काय आणि बेचाळिसाव्या दिवशीं बांधली काय, गिऱ्हाईकाच्या पदरांत साबण तितकाच पडतो. उडालें तें पाणी. मग ह्यांत कोणाचें काय बुडालें? हें म्हणणें आम्हीं दोन दिवस मनांत घोळविलें, आणि तें वाटलें होतें त्याहून बळकट निघालें. साबणाचा दर्जा सुद्धां वजनावर ठरत नाहीं. भारतीय मानकांत अंगाच्या साबणाच्या तीन प्रती लाविल्या आहेत त्या त्यांतील स्निग्धांशावरून, शेंकडा ७६, ७० व ६०.

तरीहि तें पुरें पडत नाहीं. वडींत तेल किती गेलें हें गिऱ्हाइकास दिसत नाहीं. तें आंकडा पाहतें, व तो शेजारच्या वडीवरील आंकड्याशीं ताडून पाहतें. शंभर ह्या आंकड्यानें त्याच्या मनांत काय येतें हें विकणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें, किंबहुना त्याच भरंवशावर तो छापलेला असतो. जी घट टाळतां येत नाहीं तिच्याकरितां दिलेली सवलत, ती घट मुद्दाम दुसऱ्याच्या घरीं व्हावी म्हणून वापरणें, हें आम्हांस सचोटीचें दिसत नाहीं. शिवाय ओली वडी न्हाणींत लवकर विरघळते. मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरीं ती आठ दिवस आधीं संपली तर त्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं; हल्लीं साबण टिकत नाहीं, एवढेंच म्हणतात. आणि कोणाचें बुडालें, ह्या प्रश्नाचें उत्तर तर बाईंच्या समोरच आहे. जो थांबतो त्याचें बुडतें. तसें नसतें तर हें पत्र आम्हांकडे आलेंच नसतें.

येथवर लिहून झालें आणि आमची आम्हांसच लाज वाटली. थांबणें फुकट होत नाहीं. सहा आठवडे फळीवर असलेला माल म्हणजे सहा आठवडे अडकलेलें तेल, सोडा व कष्ट. २०२५ सालीं खोबरेल तेलाचे भाव फार चढले, तेव्हां ह्या भगिनींनीं बचतगटांतून व्याजानें पैसे काढून तेल भरलें. फळीवर वड्या वाळत होत्या आणि वहींत व्याज वाढत होतें. तराजूविषयीं नीतिसूत्रांवरील उपदेश मंडळींत सर्वांनीं मिळून ऐकावयाचा, तो पाळण्याचा खर्च सात बायकांवर टाकावयाचा, आणि घरीं जातांना पेठेंतून शंभराची वडी घेऊन जावयाचें, असें चाललें आहे असें त्या लिहितात. त्यांत राग नाहीं, नुसती हकीकत आहे. म्हणून ती अधिक लागली.

पत्रांत शेवटीं, कागदावर 'रसायनविरहित' असें छापावें काय, असेंहि विचारिलें आहे. छापूं नये. सोड्यावांचून साबण होतच नाहीं. नीट झालेल्या साबणांत सोडा उरत नाहीं हें सांगावयाचें असेल तर तेंच सरळ सांगावें. परवान्याचा विषय निराळा आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणें तो घेतल्यावांचून अंगाचा साबण विकण्यासाठीं करूं नये, इतकेंच येथें म्हणतों.

भगिनींस आमचें उत्तर असें गेलें आहे: सांचा मोठा करून ओली वडी सुमारें ११२ ग्रॅमची पाडावी, म्हणजे वाळून ती शंभराची राहील. एका किलो तेलांत पंधरांऐवजीं तेराच वड्या होतील. पंधरांचे ९०० रुपये येत असत. तितके येण्यास वडी ७० रुपयांस विकावी लागेल, व ती पेठेंतल्या वडीहून दहा रुपयांनीं महाग दिसेल. कागदावर वडी ओतल्याची तारीख व वाळल्यावरचें वजन, दोन्ही घालावीं. नाताळाकरितां २६ वड्यांचे १८२० रुपये आम्हीं उत्तरासोबतच पाठविले आहेत, ते तेलाकडे लावावे. वड्या वाळतील तेव्हां याव्या. पाऊस लांबून नाताळ टळून गेल्यावर आल्या तरी आम्हांस चालतील.