न दिसणारी रिकामी जागा

वर्गात एखादा मुलगा आला नाही, तर बाकावरची त्याची जागा रिकामी दिसते. हजेरी घेताना शिक्षक त्याच्या नावापाशी थांबतात. शेजारचा मुलगा सांगतो, "सर, त्याला ताप आलाय."

आता मोबाईलवरचा वर्ग आठवा. पडद्यावर जे आले त्यांचेच चौकोन दिसतात. जो आलाच नाही, त्याच्यासाठी रिकामा चौकोन नसतो. म्हणून आपल्याला वाटते, सगळेच आले आहेत.

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले. तेव्हा किती जणांची जागा रिकामी राहिली असेल? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरांतील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. ज्या घरात फोन होता, तिथेही तो बहुधा एकच. तो घेऊन वडील कामावर जात. दोन भावंडे असली, तर एकाचा वर्ग बुडे.

तुम्ही म्हणाल, "माझा फोन मी कष्टाच्या पैशांतून घेतला. मी शिकणे सोडले, तर त्या मुलाच्या हातात फोन येणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. तसा फोन येणार नाही. जे मिळाले आहे त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचीही गरज नाही. पण आपली चूक वेगळ्याच ठिकाणी होते. जो दिसत नाही त्याला आपण आधी विसरतो आणि नंतर दोष देतो. "त्याला शिकायचेच नाही," असे म्हणून मोकळे होतो. साधनांची उणीव आपण माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडतो. हा अन्याय साधनांच्या विषमतेपेक्षा लहान नाही आणि तो आपल्या मनात घडतो.

स्वतःकडेच पाहा. आज आपल्यापैकी अनेक जण सत्संग, स्वाध्याय, ध्यान ऑनलाइन गटांत करतात. पूर्वी दर आठवड्याला येणाऱ्या एखाद्या आजी आता दिसत नाहीत. आपण सहज म्हणतो, "त्यांची ओढ कमी झाली." कदाचित ओढ तशीच असेल. लिंक कशी उघडायची हे चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटत असेल. कदाचित रिचार्ज संपला असेल. लिंक पाठवली म्हणजे निमंत्रण पोहोचले, असे होत नाही.

त्याच २०२० मध्ये काही शिक्षकांनी हे ओळखले. झारखंडमधील दुमका जिल्ह्यात मातीच्या घरांच्या भिंतींवर फळे रंगवले गेले आणि मुले आपापल्या अंगणात, अंतर राखून शिकली. सोलापूरच्या नीलमनगर वस्तीत घरांच्या भिंतींवर धडे लिहिले गेले. केरळमध्ये धडे दूरचित्रवाणीवरून दाखवले आणि ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता, त्यांच्यासाठी वाचनालये, अंगणवाड्या अशा ठिकाणी सोय केली. भिंत पासवर्ड विचारत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता येते. त्या शिक्षकांनी "कोण आले?" यापाशी न थांबता "कोण आले नाही?" असे विचारले. वाट त्या प्रश्नातून सापडली.

ही सेवा करताना एक सावधगिरी हवी. जुना फोन देऊन टाकला की कर्तव्य संपले, असे वाटू लागते. देणारा मोठा आणि घेणारा लहान, ही भावना शिरली, तर एक दरी बुजवताना आपण दुसरी खणतो. एकाच फोनसमोर शेजारी बसून शिकण्यात ही दरी उरत नाही.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करा. तुमच्या गटात पूर्वी येणाऱ्या आणि आता न दिसणाऱ्या तीन जणांची नावे कागदावर लिहा. त्यांना साधा फोन करा किंवा घरी जा. उपदेश करू नका. "काय अडचण आहे?" एवढेच विचारा आणि शांतपणे ऐका. मग पुढच्या वेळी डोळे मिटण्यापूर्वी पडद्यावरचे चौकोन पाहा आणि जे तिथे नाहीत, त्यांचीही मनात हजेरी घ्या.