झाडलोट आणि झाकपाक

घर विकणे ही संसारातली मोठी गोष्ट. बहुतेकांवर ती वेळ आयुष्यात एखाद्या वेळी येते, कित्येकांवर तीही येत नाही. म्हणून ती कशी पार पाडावी याचे वळण आपल्या घरात फारसे कोणाला ठाऊक नसते. आणि जेथे घरचे वळण नसते तेथे बाजार आपले वळण लावतो. आजकाल पुण्यामुंबईकडे राहते घर विकायला काढले की दलाल पहिली गोष्ट सांगतो ती ही, की "काका, घर असे दाखवून चालायचे नाही, जरा तयार करावे लागेल." तयार करायचे म्हणजे काय? भिंतींना नवा रंग द्यायचा. आजोबा-पणजोबांचे फोटो उतरवायचे. कपाटावरच्या पेट्या आणि दारामागच्या पिशव्या भावाच्या घरी नेऊन टाकायच्या. मोठा पलंग काढून लहान ठेवायचा, म्हणजे खोली ऐसपैस वाटते. एक मोठा आरसा, झगझगीत दिवे, मेजावर फुलदाणी; आणि गिऱ्हाईक जिना चढायच्या आत सुवासिक पाण्याचा फवारा.

अमेरिकेत हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बार्ब श्वार्झ या बाईंनी १९७२ मध्ये त्याची सुरुवात केली असे मानतात. त्याला नाव पडले होम स्टेजिंग. स्टेज म्हणजे नाटकाचा रंगमंच. नाव ठेवणाराने खरे तेच नाव ठेवले म्हणायचे! कारण राहत्या घराला रंग फासून रंगमंचावर उभे करायचे, असाच त्याचा अर्थ. आता प्रश्न असा, की घराने असे सोंग घेणे धर्माला धरून आहे की नाही? आणि कोठपर्यंत आहे?

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. घर झाडून-पुसून, नीटनेटके करून दाखवणे यात काडीचाही दोष नाही. पाहुणा यायचा म्हटले तरी आपण अंगण झाडतो, सडा घालतो. घर घ्यायला येणारा हाही पाहुणाच. त्याला अडगळीतून वाट काढत हिंडवणे यात प्रामाणिकपणा नाही, आळस आहे. गळका नळ दुरुस्त केला, फुटकी काच बदलली, जळमटे काढली, तर घराचे खरे रूपच बाहेर आले. भाजीवाली मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडते, तिला कोणी लबाड म्हणत नाही. पण आंब्याच्या पेटीत वरच्या थराला निवडक फळ आणि खाली डागाळलेले भरणारा, तो लबाड. दोघांनीही माल चांगला दिसावा म्हणूनच हात चालवला. मग फरक कोठे पडला? भाजीवालीचे पाणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पडते. पेटीवाल्याचा हात गिऱ्हाईक यायच्या आत चालतो, आणि त्याने काय केले हे त्याला कोणाला सांगता येत नाही. आमच्या मते सगळी गोम येथेच आहे. जे केले ते घेणाऱ्याला तोंडाने सांगता येते ती झाडलोट. सांगायची सोय नाही ती झाकपाक.

ही कसोटी लावून पाहा. "हा आरसा आणि कोच भाड्याने आणले आहेत हो, ते घराबरोबर नाहीत," असे सांगता येते. सांगून टाकावे, दोष गेला. "भिंतींना मागच्या महिन्यात रंग दिला," हेही सांगता येते. पण "या रंगाखाली ओल आहे, दर श्रावणात पापुद्रे सुटतात," हे? "वरच्यांच्या न्हाणीतले पाणी छतातून ठिबकते, म्हणून हे पीओपीचे खोटे छत मारून घेतले," हे? "चौकटीला वाळवी लागली आहे, म्हणून वरून पत्रा चिकटवला," हे? जीभ अडखळते. ज्या ठिकाणी जीभ अडखळली त्या ठिकाणी पाप आहे, त्यासाठी पोथी उघडायला नको.

आता कोणी शंका घेईल की, घेणाऱ्याला डोळे नाहीत का? त्याने पाहून घ्यावे, ठोकून घ्यावे. आम्ही काही खोटे बोललो नाही, गप्प राहिलो एवढेच.

ही शंका आजची नव्हे, दोन हजार वर्षांहून जुनी आहे. सिसेरो म्हणून रोमचा मोठा वक्ता होऊन गेला. त्याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात नेमका हाच प्रश्न चर्चेला घेतला आहे. एकाला घर विकायचे आहे. घर वरून चांगले, पण राहायला रोगट आहे. खोल्याखोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात, लाकूड कच्चे आहे. हे एकट्या मालकाला ठाऊक. त्याने न सांगता विकावे की नाही? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणे की न सांगणे आणि लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगावे, पुढे घेणाऱ्याने आपली अक्कल चालवावी. रोगट घर विकणे आहे अशी दवंडी कोणी पिटतो काय? त्याचाच शिष्य अँटिपेटर याला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे की, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे अथेन्समध्ये शापाला पात्र मानीत. आणि हा तर त्याहून वाईट, कारण हा जाणूनबुजून दुसऱ्याला आडवाटेला लावतो. सिसेरोने निकाल दिला तो शिष्याच्या बाजूने. पायी वाट चालणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दृष्टांत वेगळा समजावून द्यायला नको. पुढे ओढ्याला पाणी चढले आहे हे माहीत असून मागून येणाऱ्याला "चला, चला" म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

त्याच ग्रंथात एक गोष्ट आहे, ती तर मुळी घर सजवून विकण्याचीच. कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाला सिराक्यूज शहरात विसाव्यासाठी एक बाग घ्यायची होती. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावले आणि आदल्या दिवशी कोळ्यांना सांगून ठेवले की उद्या माझ्या बागेसमोर येऊन मासे धरा. पाहुणा येऊन बघतो तो होड्यांची ही गर्दी! जो तो मासे आणून सावकाराच्या पायाशी टाकतो आहे. गावचे सगळे मासे येथेच मिळतात, सावकार म्हणाला. कॅनियस भुलला, आणि सावकाराने मागितली ती किंमत देऊन त्याने बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आला, तर एक होडी नाही. शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांचा सण आहे की काय? शेजारी म्हणाला, माझ्या माहितीत नाही. येथे कोणी मासे धरीतच नाही, कालच काय झाले याचे मला नवल वाटत होते. वाचून हसू येते खरे. पण त्या होड्यांच्या जागी भाड्याची फुलदाणी, आणि उन्हाळ्यात टँकरवर काढणाऱ्या इमारतीत मुद्दाम भरून ठेवलेली पाण्याची टाकी घालून पाहा, म्हणजे हसू मावळते.

कायदाही या बाबतीत वाटतो तितका भोळा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम, उभयतांत निराळा करार नसेल तर, विकणाऱ्यावर बंधन घालते: घरात किंवा मालकी हक्कात असा महत्त्वाचा दोष असेल जो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसणार नाही, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली आहे. आता यातली मेख पाहा. भिंतीला उघडी भेग आहे, ती येणाऱ्याला दिसतेच. तीच भेग पुट्टी भरून, वर रंग देऊन तुम्ही बुजवली, की जो दोष दिसत होता तो न दिसणारा झाला. म्हणजे तुमच्या हातानेच तुम्ही सांगण्याचे ओझे आपल्या डोक्यावर घेतले! झाकण्याने जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

आणखी एक. १८७२ च्या करार कायद्यात १७ वे कलम फसवणुकीचे आहे. त्यात समजुतीसाठी उदाहरण दिले आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोडा अधू आहे हे त्याला ठाऊक, पण तो काही बोलला नाही. नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. पण पुढचेच उदाहरण असे, की घेणारी त्या माणसाची स्वतःची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर सांगणे हे त्याचे कर्तव्य. का? तर नात्यामुळे. सज्जनहो, कायदा येथवर येऊन थांबला. त्याला थांबलेच पाहिजे, कारण सगळ्या जगाला नाती जोडून देणे हे कायद्याचे काम नव्हे. पण ज्याला भेटेल त्याच्या पाया पडायची आपल्याला सवय आहे, त्याला माउली म्हणायची सवय आहे. ज्याच्या पाया पडलो त्यालाच ओली भिंत कोरडी म्हणून विकायची, तर ते पाया पडणे कशाला? तेव्हा आमचा नियम सोपा आहे. हे घर लेक घेते आहे असे समजा, आणि तिला जे जे सांगितले असते ते ते सांगा. "पोरी, पावसाळ्यापूर्वी गच्चीचे काम करून घे. पाणी सकाळी तासभरच येते, भांडी जास्त ठेव. सोसायटीची थोडी बाकी आहे, ती मी फेडून देतो." यात कसली तत्त्वज्ञानाची अडचण?

अडचण आहे ती पैशाची, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. घर हौसेने विकणारे थोडे. कोणाला दवाखान्याचे बिल भागवायचे असते, कोणाला भावाची वाटणी द्यायची असते, कोणाचे कर्ज थकलेले असते. ओल सांगितली की गिऱ्हाईक किंमत पाडते, ही गोष्ट खरी. सत्याला किंमत पडत नाही असे आम्ही सांगत नाही, पडते. पण विचार करा. भिंत दुरुस्त करायला जो खर्च येणार तो आज तुमच्या अंगावर आहे. तुम्ही तो लपवला म्हणून नाहीसा झाला नाही, दुसऱ्याच्या अंगावर गेला. आणि तो दुसरा कोण? बहुधा बँकेचे वीस वर्षांचे कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून आलेला तुमच्यासारखाच एक संसारी माणूस. आपली अडचण भागवायला त्याच्या खिशात न विचारता हात घालायचा, याला नाव एकच आहे. त्यापेक्षा दुरुस्त करून विकावे, नाही तर दोष सांगून तेवढी किंमत सोडावी. हे झाले विकणाऱ्याचे. त्याच कलमाने घेणाऱ्यालाही मोकळे सोडलेले नाही: विकणाऱ्याच्या हक्कात त्याला न समजलेले असे काही आहे की ज्याने त्या हक्काची किंमत बरीच वाढते, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक आहे, तर त्यानेही ते सांगितले पाहिजे. अडल्याचे घर आहे, त्याला कळत नाही, दाबून घ्या, हीही झाकपाकच.

येथवर घेणाऱ्याचे झाले. पण या सजावटीत आणखी एकाचा अपराध घडतो, आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो म्हणजे घरात राहणाऱ्याचा. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा असतात, त्या पुसल्या जातात. ते एक वेळ चालेल, रेघा काही बरोबर नेता येत नाहीत, आणि नव्या माणसाच्या पोरांना चौकट मोकळी हवीच. फोटो उतरवले, देव नव्या जागी आधी नेले, तरी चालेल. पण म्हातारी आई? तिची खाट, औषधाच्या बाटल्या, काठी, खोकला हे दलालाच्या यादीत "काढायच्या वस्तूं"त येतात. गिऱ्हाईक यायचे म्हटले की तिला सांगायचे, "आई, तू जरा तासभर शेजारी जाऊन बस." एकदा ठीक आहे, तिच्या सोयीसाठी असेल तर चांगलेच. पण महिनाभर, आठवड्यातून तीन तीन वेळा? जिने त्या घरात तीस वर्षे चूल पेटवली, जिच्या हाताने ते घर उभे राहिले, तिलाच भिंतीवरच्या ओलीसारखे झाकायचे! घर दोन-चार लाखांनी जास्त जाईलही. पण आपण ज्या गोष्टी झाकतो त्यांत आपण आहोत, हे तिला कळल्याशिवाय राहत नाही. ओल झाकली तर निदान पावसाळ्यात ती बाहेर येते. हे दुखणे बाहेरही येत नाही.

आणि खरे विचाराल तर तिला लपवण्यासारखे आहे काय? घेणाऱ्याच्या घरीही आई आहे. या घरात एक बाई म्हातारी होईपर्यंत सुखाने राहिली, यापरती घराची आणखी कोणती खात्री द्यायची? राहते घर राहते दिसले तर त्यात लाज नाही. चुलीमागची भिंत काळी होते, उंबरठा मध्यभागी झिजतो. हे दोष नव्हेत, वापर आहे. दोष निराळा, वापर निराळा. बाजाराची उलटी रीत अशी की तो दोष राहू देतो आणि वापर पुसायला लावतो.

तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढेच सांगणे. घर स्वच्छ करा, मोडके-तोडके नीट करा, पडदे सरकवून उजेड येऊ द्या. भाड्याची वस्तू असेल तर भाड्याची म्हणा. दोषांची यादी एका कागदावर लिहा आणि किंमत ठरायच्या आधी घेणाऱ्याच्या हाती द्या. ठरल्यावर दिलेला कागद उपयोगाचा नाही. घरातल्या वडील माणसाला कोपऱ्यात नको, बैठकीत बसवा. घर कसे आहे हे घेणाऱ्याने तिलाच विचारू दे. ती पावसाळ्यातली गळती सांगेल, आणि सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून येते तेही सांगेल.