संख्या आणि भक्ती

सकाळच्या वेळी विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत नायगावास चढणाऱ्याने बसावयास जागा मिळेल अशी आशा धरू नये. ऐकावयास मात्र पुष्कळ मिळते. डब्याच्या एका टोकास भजनी मंडळींचे टाळ चालू असतात, मध्यावर राजकारण आणि दाराशी जागेवरून भांडण. गेल्या महिन्यात अशाच एका सकाळी माझ्या शेजारी उभे असलेले दोन तरुण एका वादात गढून गेले होते. ‘बीटल्स’ नावाच्या इंग्रज चौकडीच्या गाण्यांत मुख्य स्वर अधिक वेळा कोणाचा, जॉन लेननचा की पॉल मॅकार्टनीचा, हा तो वाद. ही चौकडी १९७० साली फुटली, म्हणजे ह्या दोघांच्या जन्मापूर्वी निदान तीस वर्षे. तरी वादात असा आवेश होता की, जणू निकाल लागल्यावाचून गाडी खाडीपुलावर चढणारच नाही!

एकाजवळ वही होती आणि तीत गाण्यांची यादी होती. यादीविषयी दोघांचे एकमत होते, बेरजेविषयी नव्हते. कारण ऐकून मला कौतुक वाटले. आरंभीच्या वर्षांतील कित्येक गाणी लेनन आणि मॅकार्टनी हे दोघे अथपासून इतिपर्यंत बरोबर गातात. ती कोणाच्या खात्यावर घालावयाची? १९६७ सालच्या एका प्रसिद्ध गाण्यात आरंभ आणि शेवट लेननचा, तर मधला भाग मॅकार्टनीचा आहे, त्याचे काय? तबकडीवरील नावांचाही उपयोग नाही, कारण एकट्याने रचलेल्या गाण्यावरही दोघांची नावे जोडीने घालावयाची असा त्यांचा आपसांतला ठराव होता. तेव्हा कानाने ऐकून ठरविण्यावाचून गत्यंतर नाही. आणि कान हा पक्षपाती साक्षीदार!

इतक्यात समोर बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “अरे, त्या चौघांची सगळी मिळून दोनशे गाणी! आमच्या लताबाईंनी पंचवीस हजार म्हटली. कसल्या मोजण्या करता?” तरुण वयाचा मान राखून गप्प बसले. मीही गप्प बसलो. माझे गप्प बसणे मात्र मानापोटी नव्हते.

पंचवीस हजार हा आकडा कोठून आला हे मला ठाऊक होते. ‘गिनेस’च्या विक्रमग्रंथात १९७४ साली लता मंगेशकर ह्यांची नोंद झाली, ती १९४८ ते १९७४ ह्या काळात वीस भारतीय भाषांत एकट्याने, जोडीने व समूहाच्या साथीने पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी ध्वनिमुद्रित केल्याची होती. आता हा हिशेब कोणीही घरबसल्या तपासून पाहावा. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षास साडेनऊशेंहून अधिक. एकही दिवस विश्रांती न घेता दिवसास अडीचांहून जास्त. त्या काळी वर्षाकाठी हिंदी चित्रपट शंभराच्या आगेमागे निघत आणि एकेकात आठ-दहा गाणी असत. म्हणजे हिंदीतील जवळजवळ सर्व गाणी, पुरुषांची धरून, एकट्या लताबाईंनी म्हटली असे मानावे लागेल. मग रफी, मुकेश, तलत, गीता दत्त ह्यांनी काय नुसते ऐकत बसावयाचे? इतर भाषांतील गाण्यांनी ही तूट भरून निघणारी नाही. पुढे विश्वास नेरूरकर ह्यांनी चिकाटीने ‘गंधार स्वरयात्रा’ ही सूची सिद्ध केली. १९४५ ते १९८९ पर्यंतची लताबाईंची हिंदी चित्रपटगीते तीत पाच हजारांहून थोडी अधिक भरली.

ही माहिती असूनही २००१ साली, लताबाईंस ‘भारतरत्न’ मिळाले त्या वर्षी, मी आमच्या महाविद्यालयातील अभिनंदनसभेत पंचवीस हजारांचा आकडा मोठ्या थाटाने सांगितला. मी तेव्हा नवशिका अध्यापक होतो आणि टाळ्यांची चव मला नुकतीच लागली होती. भाषणानंतर एक विद्यार्थी उभा राहिला. “सर, मी सूची पाहिली आहे, गाणी इतकी होत नाहीत,” असे तो भीत भीत म्हणाला. मी उत्तर दिले, “अरे, आईने किती घास भरविले हे कोणी मोजतो काय?” सभागृह टाळ्यांनी दणाणले आणि मुलगा खाली बसला. पुन्हा माझ्या तासास तो पहिल्या बाकावर बसलेला मी पाहिला नाही. तो खरे बोलत होता, हे मला ठाऊक होते. मोजणे ही क्षुद्र वृत्ती आहे असे मी त्यास भासविले. आणि मोठा आकडा सभेस प्रथम सांगणारा तर मीच होतो!

माझ्या बाजूने काही म्हणता येणार नाही असे नाही. भक्तीची भाषा संख्येस बांधलेली नसते. नामदेवांनी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा केल्याचे आपण ऐकतो. गाथा हाती घेऊन अभंग मोजावयास बसणाऱ्यास आपण अरसिक म्हणू, आणि ते योग्यच होईल. ‘शतकोटी’ ही तेथे संख्या नव्हेच, तो मनाचा आवेग आहे. मग ‘पंचवीस हजार’ हाही तसाच आवेग का मानू नये?

पुष्कळ दिवस हे उत्तर मला पुरले. आता पुरत नाही. नामदेवांची प्रतिज्ञा कोणाचा पहिला क्रमांक हिरावून घेत नाही. ती विठ्ठलासमोर केलेली आहे, दुसऱ्या संतासमोर नव्हे. विक्रमग्रंथातील आकडा हा मात्र स्पर्धेतला आकडा आहे. तो उच्चारताच दुसरा कोणी खाली ढकलला जातो. ज्या क्षणी अतिशयोक्ती स्पर्धेत उतरते, त्या क्षणी ती अलंकार राहत नाही, साक्ष होते. आणि साक्षीस सत्याचे बंधन आहे. झालेही तसेच. महंमद रफींनी त्या नोंदीस हरकत घेतली आणि आपली गाणी त्याहून अधिक असल्याचे कळविले. रफी १९८० साली निवर्तले. १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीबरोबर रफींच्या अठ्ठावीस हजारांच्या दाव्याचाही उल्लेख आला. रफींची हिंदी चित्रपटगीतेही पाच हजारांच्या आतबाहेरच भरतात. रफींसारख्या निगर्वी म्हणून ख्यात असलेल्या गायकासही फुगलेल्या आकड्यास फुगलेल्या आकड्याने उत्तर द्यावेसे वाटले, ह्यात मला त्यांच्या दोषापेक्षा त्या पहिल्या आकड्याचा दोष अधिक दिसतो. १९९१ साली दोन्ही नोंदी ग्रंथातून गळाल्या. २०११ साली त्याच ग्रंथाने अकरा हजारांपर्यंतच्या आकड्याने आशा भोसले ह्यांचे नाव घातले. तेव्हा आमच्या ओळखीच्या दोन घरांत, मंगेशकरांपैकी कोणाचाही परिचय नसताना, आठ दिवस अबोला होता असे ऐकतो.

परंतु मोजणाऱ्यांची सरसकट निंदाही मला करवत नाही. ‘महल’ चित्रपट १९४९ साली लागला, तेव्हा त्यातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव होते. गळा एकीचा, नाव कल्पितेचे! श्रोत्यांनी ‘ही कोण गाते?’ अशी पृच्छा आकाशवाणीकडे लावून धरली, तेव्हा खरे नाव पुढे आले. ‘कोण गाते’ हा प्रश्न न्यायाचा होता, आणि ‘किती गाते’ हा त्याचाच धाकटा भाऊ. सूची करणारा मनुष्य एकेक तबकडी हुडकून तिच्यावर ज्याचे नाव त्यास देतो, तेव्हा तो त्या विसरलेल्या ‘कामिनी’चीच फेड करीत असतो. एकेका गाण्यास नाव, वर्ष, संगीतकार मिळवून दिलेली पाच हजार गाणी ही माझ्या मते पंचवीस हजारांहून मोठी संख्या आहे. कारण त्यांतले प्रत्येक ऐकता येते. उरलेली वीस हजार कोणी ऐकली?

मोजणी कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यातून काही सुटतेच. त्या नोंदीतील ‘समूहाच्या साथीने’ हे शब्द पुन्हा वाचावे. गाणे गायिकेच्या खात्यावर जमा होते. समूहातील वीस कंठांच्या खात्यावर काही जमा होत नाही, कारण त्यांस खातेच नाही. आमच्या गाडीतील भजनात बुवा एक चरण म्हणतात आणि टाळकरी तो उचलतात. वेळ मोजली तर टाळकरीच बुवांहून अधिक गात असतील. बुवा रजेवर असले की भजन मंदावते हे खरे. परंतु टाळकरी नसले तर ते होतच नाही. तेव्हा ‘अधिक कोण गातो’ ह्या प्रश्नाचे उत्तर, आपण कोणाचे गाणे गाणे म्हणून धरावयाचे ठरविले आहे, त्यावर अवलंबून राहते. आणि हे ठरविणे बेरजेच्या आधीच होऊन गेलेले असते.

हे सर्व विचार मला त्या सकाळी गाडीत सुचले असे मी म्हणत नाही. त्या वेळी एवढेच झाले की, गाडी नायगावची मिठागरे मागे टाकून खाडीपुलाकडे निघाली तेव्हा मी त्या वृद्ध गृहस्थांस म्हणालो, “काका, लताबाईंचा आकडा बरोबर नाही. हिंदीची पाच हजारांच्या वर आहेत, पंचवीस हजार नाहीत. मीही पूर्वी तसेच सांगत असे.” ते रागावले. “तुम्ही मराठी ना?” असे त्यांनी विचारले, आणि भाईंदर येईपर्यंत ते माझ्याकडे पाहीनात. वही असलेला तरुण मात्र माझ्याकडे वळला. त्याच्या वहीत दोन रकाने होते. “सर, दोघे बरोबर गातात ती कोठे घालू?” त्याने विचारले. तिसरा रकाना पाड, असे मी म्हणालो. हलत्या गाडीत पट्टी नसल्यामुळे रेघ वाकडी आली. त्या रकान्यात तो एकेक गाणे उतरवू लागला, आणि त्याचा मित्र एकेकास हरकत घेऊ लागला.