पावसासाठी कोरलेले डोंगर

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो तिथे, दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत एक हिशोब कोरून ठेवला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्खुसंघाला दिलं आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ठेव कुणाकडे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, खायचं ते फक्त व्याज. आता २००० चं वर्षाचं व्याज झालं २४०. ते कशासाठी, तर या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वीस जणांचे बारा-बारा, म्हणजे बरोबर २४०. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत ऐकवून रीतसर नोंदवला, असंही लेखात सांगितलं आहे.

लेखावर नहपानाचं ४२ वं वर्ष आणि वैशाख महिना आहे. म्हणजे आषाढ दोन महिन्यांवर आला होता. राजाचा जावई, विणकरांची पेढी, भिक्खूंचं वस्त्र आणि डोंगरातली खोली, हे सगळं एका ऋतूच्या तयारीसाठी एकत्र आलं होतं.

आपण मात्र लेणी पाहायला निघतो ते दिवाळीनंतर. आभाळ निवळलेलं असतं, पायऱ्या कोरड्या असतात, फोटो चांगले येतात. ही सवय जुनी आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत नावं कोरून गेलेले पारशी पाहुणे इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आले, तेही पाऊस सरल्यावर. तरीही मला ठामपणे वाटतं, की सह्याद्रीतली बौद्ध लेणी समजून घ्यायची असतील तर ती भर पावसातच पाहायला हवीत. कोरड्या दिवसांत नजर मूर्तींवर आणि खांबांवर खिळते. हे सारं कशासाठी उभं राहिलं, ते पाऊसच दाखवतो.

वर्षावासाचा नियम कसा आला, ते विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, सांगितलं आहे. बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात असताना लोक कुरकुर करू लागले. हे शाक्यपुत्र श्रमण हिवाळ्यात फिरतात, उन्हाळ्यात फिरतात, आणि पावसाळ्यातही थांबत नाहीत; कोवळं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून पावसाळा काढतात, यांनाच काय झालंय? तक्रार ऐकून बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात, नाही जमलं तर महिन्याने. अगदी निकडीचं काम असेल तर सात दिवसांपुरतं बाहेर जाता येतं. मला या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की नियम ध्यानातून किंवा तत्त्वचर्चेतून आला नाही. गावातल्या माणसांनी बोल लावला आणि संघाने तो ऐकला. पायाखालच्या अंकुराची काळजी आधी लोकांनी केली.

राहायचं कुठे, यालाही विनयाचं उत्तर आहे, आणि ते फार व्यवहारी आहे. झाडाच्या ढोलीत नाही, फांदीच्या बेचक्यात नाही, उघड्यावर नाही, छत्रीखाली नाही, मोठ्या रांजणातही नाही. ही यादी वाचली की कळतं, कुणी ना कुणी भिक्खूने हे सगळं करून पाहिलेलं असणार! पावसाळ्याला भिंत, छप्पर आणि दार असलेली जागा हवी. गंगेच्या खोऱ्यात अशी जागा लाकडाची किंवा विटांची बांधता येत होती. सह्याद्रीत मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ घाटमाथ्यापासून कोकणापर्यंत पसरलेला, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत असा पाऊस, की लाकूड कुजतं आणि माती वाहून जाते. इथल्या लोकांनी डोंगरच घर म्हणून वापरायला घेतला.

हे डोळ्यांनी पाहायचं तर जुलैत कान्हेरीला जावं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचा भव्य चैत्य आणि त्याच्या ओसरीतल्या उभ्या बुद्धमूर्ती पाहून परततात. थोडं वर चढा आणि साध्या एकदोन खोल्यांच्या लेण्यांपाशी थांबा. पाऊस कोसळत असताना डोंगराच्या उतारावर पाणी कसं पळतं, ते बघा. कातळात हातभर रुंदीचे पाट खोदले आहेत. लेण्याच्या माथ्यावरून येणारं पाणी ते दर्शनी भागावर पडू देत नाहीत, बाजूला वळवून खाली नेतात. ते पाणी ओसरीलगतच्या टाक्यात पडतं. या टाक्याला शिलालेखांत पोढी म्हणतात. तिचं तोंड चौकोनी आणि लहान असतं. काठाला झाकणासाठी खाच असते. आत मात्र ती ओसरीखाली पसरलेली, तोंड बघून कल्पनाही येणार नाही इतकी मोठी. ऊन लागत नाही म्हणून पाणी लवकर आटत नाही. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा, ही त्यामागची योजना.

आता ओसरीतल्या बाकावर बसा. तोही कातळाचाच आहे. पाऊस तिरपा आला तरी बाकाचा मागचा भाग कोरडा राहतो, इतकं छत पुढे काढलेलं असतं. दाराच्या उंबऱ्याशी लाकडी दाराची खुंटी फिरायची ती गोल खळगी आहे. आतल्या खोलीत एका माणसाला पाय पसरून झोपता येईल एवढा ओटा, भिंतीत दिव्याचा कोनाडा. बाहेर पाऊस इतका, की शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. आत मात्र स्थिर, थंड शांतता. हे पाहिल्यावर माझा तरी लेण्यांकडे बघण्याचा क्रम बदलला. चैत्य ही पूजेची जागा, आणि ती सुंदरच आहे. पण लेण्यांच्या समूहाचा कणा म्हणजे या खोल्या, हे पाट आणि या पोढ्या.

पोढी खोदून देणं हेही मोठं दान मानलं जाई. कान्हेरीतल्या एका लेखात कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पोढीची नोंद आहे. सोपारा, कल्याण आणि चौल इथल्या व्यापाऱ्यांची आणि गृहस्थांची नावं तिथे वारंवार भेटतात. एका लेखात मंगलठाण गावातलं शेत संघाला दिल्याचं म्हटलं आहे. ते गाव म्हणजे आजचं मागाठाणे, जिथे आता मेट्रोचं स्थानक आहे. कान्हेरीचे शिलालेख एकत्र करून वाचण्याचं मोठं काम डॉ. शोभना गोखले यांनी केलं. त्यांच्या पुस्तकातून डोंगर आणि शहर यांच्यामधला हा देण्याघेण्याचा धागा सलग दिसतो.

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून लेण्यांचं कौतुक करणं मला पटत नाही. घर सोडून निघालेल्या माणसांना पावसाने घर दिलं. घर आलं तसं शेत आलं, गाव आलं, व्याजी लावलेला पैसा आला. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागात त्याच उषवदाताचा आणखी एक लेख आहे. वलूरक, म्हणजे कार्ले, इथल्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या सर्व प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी त्याने करजिक गाव दिलं. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला, पण त्या गावाचं दान चालू ठेवलं. एवढी मालमत्ता असलेल्या संघाला भटका संघ म्हणायचं का? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कार्ले, भाजे, जुन्नर हा मुलूख पायी तुडवला आणि हा प्रश्न धीटपणे विचारला. लेणी घाटवाटांच्या तोंडाशी का आहेत, याचं उत्तर त्यांनी व्यापारात शोधलं. बोरघाटाच्या वाटेवर भाजे, बेडसे, कार्ले आणि खाली कोंडाणे. नाणेघाटाच्या डोक्यावर जुन्नर. थळघाटाच्या वरच्या अंगाला नाशिक.

कोसंबींच्या या मांडणीत पावसाला अधिक जागा द्यायला हवी, असं मला वाटतं. पावसात फक्त भिक्खू थांबत नव्हते. घाटातून बैलांचे तांडे चालणं बंद होई. कोकणच्या बंदरांतली गलबतं किनाऱ्याला लागत. मिसरहून निघालेली जहाजं याच नैर्ऋत्य वाऱ्यावर येत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर आपल्या किनाऱ्याला पोचत. अख्ख्या मुलुखाचा व्यवहार तीन-चार महिने मंदावत असे. थांबलेला व्यापारी आणि थांबलेला भिक्खू यांची गाठ याच दिवसांत पडत असणार. विनयात तर तांड्याबरोबर किंवा जहाजावर वर्षावास करायलाही परवानगी आहे. मग कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे परदेशी मंडळींची, नावं दिसली तर नवल नाही. त्यांनी पैसा दिला, आणि मिळवलं काय, हा प्रश्न फक्त पुण्यावर सोडून भागत नाही. वर्षाचा एक भाग चालणं थांबवून ऐकण्यात घालवायचा, ही रीत त्यांनाही मिळाली.

संघ श्रीमंत झाला, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण उषवदाताचा हिशोब पुन्हा पाहा. विसांपैकी कुणालाही तेरावं नाणं नाही. थोरल्यालाही बारा, धाकट्यालाही बारा. आणि तीन महिने संपले की आश्विन पौर्णिमेला प्रवारणा. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघासमोर बसतो आणि विनंती करतो, की माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. एका छपराखाली पावसाळा काढल्यावर माणसं एकमेकांची किती ओळखीची होतात, ते चाळीत किंवा वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या ओळखीचं भांडण होऊ न देता तिचं शिक्षण करणं ही सोपी गोष्ट नव्हे. वर्षावासाची खरी कमाई मला यात दिसते.

ही परंपरा संपली, असं समजणाऱ्यांनी आषाढात विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, मुंबईतल्या बौद्ध वस्त्यांत जाऊन पाहावं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक वस्त्यांतल्या विहारात संध्याकाळी या ग्रंथाचं वाचन चालतं. दिवसभराचं काम उरकून बाया येतात, शाळकरी पोरं येतात, एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असतो म्हणून वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. त्रिरश्मीच्या ओसरीत कोरलेल्या वर्षावासाचे वारस कोण, या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

लेण्यांवर मात्र पावसाळ्यात वेगळंच चित्र दिसतं. भाज्याला शनिवार-रविवारी उतारावरच्या धबधब्याखाली उभं राहायला जागा मिळत नाही. पावसात भिजायचा आनंद माणसाने घ्यावा, त्याला माझी हरकत नाही. हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. तिथून काही पायऱ्यांवर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला चैत्य आहे. त्याच्या कमानीला लावलेल्या सागवानी फासळ्या दोन हजारांहून अधिक पावसाळे झेलून अजून जागेवर आहेत. शेजारी दिवंगत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, नावाचे स्तूप ओळीने उभे आहेत. त्यांच्यावर ओले कपडे वाळत पडलेले असतात, पाय ठेवून फोटो निघतात, भिंतींवर बदामात नावं कोरली जातात. संरक्षित स्मारकाला इजा करणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण मला पहारेकरी वाढवण्यापेक्षा प्रत्येक लेण्याच्या पायथ्याशी मराठीत एक स्पष्ट फलक हवा आहे, वर्षावास म्हणजे काय हे सांगणारा. आजचे फलक शतक आणि मापं सांगतात, आत राहणाऱ्या माणसांबद्दल फार थोडं बोलतात.

पुढच्या आषाढासाठी आताच एक लेणं ठरवा. एका दिवसात तीन ठिकाणं पाहण्याचा बेत करू नका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर पकड घेणारी पादत्राणं घाला, धबधब्याच्या पात्रात उतरू नका, पाऊस फारच वाढला तर परत फिरा. आणि विहाराच्या एखाद्या खोलीत, मोबाइल पिशवीत ठेवून, किमान तासभर बसा.