यंत्रास काय विचारावे?

भाताच्या मावळास आता गुलाबानेही कीर्ती मिळवून दिली आहे. पवनेच्या खोऱ्यात व तळेगाव दाभाड्याच्या बाजूस हरितगृहांची पांढरी छपरे दिसतात. १४ फेब्रुवारीच्या निमित्ताने येथील फुले परदेशीही जातात. परंतु हे पीक मोठे हळवे. हवा कोंदटली की पानांवर भुरी चढते, ती तापून कोरडी झाली की लाल कोळी पडतो.

गेल्या चैत्रात एका परिचित बागाइतदाराने आम्हांस भर दुपारी आपले हरितगृह दाखविले. आत संवेदक टांगलेले. उष्मा व आर्द्रता यांचे आकडे त्याच्या खिशातील फोनवर उमटत होते. आर्द्रता शेकडा ६० हीच राहिली, तरी २० अंशांपेक्षा ३० अंशांवर हवेची तहान सुमारे पावणेदोन पट असते, आणि ती तहान झाडाच्या पानांतून भागते. हे त्याने आम्हांस इतक्या सुबोधपणे सांगितले, की आमच्या महाविद्यालयातील काही व्याख्यात्यांनी त्याची शिकवणी लावावी! तेवढ्यात फोन वाजला, आणि वरच्या नळ्यांतून धुके सुटले.

जगदीशचंद्र बसूंनी वनस्पतीची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखविणारे यंत्र रचले, तेव्हा मुक्या जिवाचे गाऱ्हाणे ऐकण्याची सोय झाली, असे म्हणता येईल. हे संवेदक त्याच कुळातले. हाताने व डोळ्याने राखलेली बाग अधिक सात्त्विक, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. कर्ज काढून उभारलेले पीक अंदाजावर कोणी सोडावे?

पण त्याच धुक्यात चार बाया कळ्यांस जाळीच्या टोप्या चढवीत होत्या. धुक्याने हवा थंडावते खरी, परंतु दमट हवेत घाम सुकत नाही. एकीने पदराने मान पुसली. "मावशी, फार उकडते का?" आम्ही विचारले. "फुलांना सोसंना म्हणून पाणी सोडलंय न्हवं," ती म्हणाली, आणि टोपी चढवू लागली.

हवा एकच, आकडेही तेच. किती अंशांवर धुके सोडावे, ही मर्यादा यंत्रास माणसाने सांगितली होती. किती अंशांवर बायांनी सावलीत बसावे, ही कोणी सांगितलीच नव्हती. येथे यंत्राचा दोष कोणता? आम्ही हे बागाइतदारास म्हटले. तो भला माणूस, रागावला नाही. फोनकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "सर, तशी सोय यात आहे. दुसरी मर्यादा घालता येते."

"मग?"

"टोप्या उरकायच्या आहेत," तो म्हणाला.