नामाचा उच्चार

चांद्यास स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या मिशनचे ठाणे पडल्यावर जे मराठी शास्त्रवाचन तेथे सुरू झाले, त्यात अब्राहाम, मोशे, इसहाक ही हिब्रू नामे तिथल्या मराठी जिव्हेवर आली. आणि गंमत अशी, की ग्रीकच्या वळणाने गेलेल्या इंग्रजीचा ‘मोझेस’ मूळ उच्चारापासून जितका दूर गेला, तितका आमचा ‘मोशे’ गेला नाही. इसहाकाचे मात्र तसे नाही : चूल, चाक यांतील दंत्य ‘च’ ज्या जिभेस सहज साधतो तिला ‘यित्सहाक’ जड जाऊ नये, पण आमच्या दफ्तरी ‘इसहाक’च कायम झाला.

कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांनी तर शमुवेलाचा सामाजी आणि यहेज्केलाचा हसाजी केला; 1796 साली मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणाऱ्या सामाजी हसाजी दिवेकरांचे नाव याच घडणीचे. त्यांच्या प्रार्थनेस या मराठी रूपांनी बाध आला असे मला वाटत नाही. तरीही त्याच धर्मात ईश्वराचे चतुरक्षरी नाम उच्चारण्याची मनाई आहे, आणि वाचक त्या जागी ‘अदोनाय’ म्हणून पुढे जातो. इकडे ‘इन्द्रशत्रु’ या समासातील स्वर चुकताच यजमानाचाच घात झाल्याची कथा शिक्षाग्रंथ सांगतो, तर वाल्याचा ‘मरा मरा’ मुक्तीस पात्र ठरतो. मंत्रास ध्वनीची शिस्त हवी, हे मला मान्य आहे; परंतु हाक मारणाऱ्याच्या जिभेची झडती घेण्याचा अख्त्यार कोणा शास्त्र्यास वा रब्बीस असावा, हे मात्र नाही.